साक्षीसाठी समन्स आलंय पण कोर्टात जायची भीती वाटतेय? तारखेच्या आधी हे करा

समन्स आलं की लोक ते कपाटात ठेवतात आणि तारखेला एकदम कोर्टात जाऊन उभे राहतात. व्हरांड्यात आरोपी आणि त्याची चार माणसं समोरच्याच बाकावर बसलेली. माझ्या मावशीचं असंच झालं, पुकारा होईपर्यंत हातपाय गार आणि आत गेल्यावर गावाचं नावपण धड सांगता येईना. म्हणून जे मागायचंय ते आधी मागा आणि लेखी मागा.

केस नंबर घेऊन सरकारी वकिलांना नाहीतर पोलिसांच्या पैरवी अधिकाऱ्याला (केसचं कोर्टातलं काम बघणारा पोलीस) गाठा. ते तुमचे खाजगी वकील नसतात, काय बोलायचं ते शिकवणारही नाहीत, पण वेगळं बसायची सोय, पडदा, सोबतीला कोणीतरी, हे कोर्टाकडे ते मागू शकतात.

लहान मुलं, लैंगिक अत्याचाराचे पीडित (बाई असो की पुरुष), ऐकू-बोलू न येणारे, मानसिक आजार असलेले, जिवाला धोका असलेले, या सगळ्यांना सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये ‘व्हल्नरेबल विटनेस’, म्हणजे जास्त जपावे लागणारे साक्षीदार, धरलंय आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यासाठी वेगळं साक्ष केंद्र करायला सांगितलंय. केसही महाराष्ट्रातलीच होती. अशा केंद्रात यायचा रस्ता वेगळा, थांबायची खोली वेगळी आणि साक्ष व्हिडिओवरून किंवा पडद्याआडून, म्हणजे आरोपीला ऐकू जातं पण त्याचं तोंड बघावं लागत नाही. तुमच्या कोर्टात ते चालू आहे का हे आधीच विचारून घ्या. आणि एक गैरसमज काढून टाका, उलटतपासणी तिथेही होतेच! पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) केसमध्ये मात्र आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, तो जजला देतो आणि जज विचारतात, शिवाय गरज वाटली तर कोर्ट मुलाला मधे मधे ब्रेक देऊ शकतं.

खरोखर धमक्या येत असतील तर वेगळा रस्ता आहे, २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना. ही गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या बाचाबाचीला लागणार नाही. अर्ज तुम्ही, घरचे, वकील किंवा तपास अधिकारी कोणीही करू शकतो, शक्यतो सरकारी वकिलांमार्फत. तो जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो, पोलिसांनी धोक्याचा रिपोर्ट कामाच्या ५ दिवसांत द्यायचा असतो आणि तोवर थांबणं शक्य नसेल तर तात्पुरतं संरक्षण मागता येतं. घराजवळ गस्त, फोन नंबर बदलून देणं, कोर्टात ने-आण, काही दिवस दुसरीकडे राहायची सोय असं मिळू शकतं. आदेश एका वेळी जास्तीत जास्त ३ महिन्यांचा असतो, तारखा पुढे पडत राहतात, त्यामुळे संपायच्या आधीच परत अर्ज टाका.

धमकीचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग रागाच्या भरात डिलीट करू नका. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. लगेचचा धोका असेल तर ११२, कायदेशीर सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, लहान मुलांसाठी १०९८.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणा, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, ओढूनताणून उत्तर दिलं की वकील तिथेच पकडतो. पाणी मागा, बसायला मागा, कोणी रागवत नाही. आणि साक्ष झाली की घाईने एसटी पकडू नका, सरकारी केसमध्ये साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता कोर्ट देऊ शकतं, तिकीट जपून ठेवा आणि निघायच्या आधी कोर्टाच्या कारकुनाला विचारा.