कोपेपॉड सोडले आणि शैवाल वाढलं? चराईच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

चराईचा प्रयोग म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत कोपेपॉड (तरंगणारे बारीक कवचधारी प्राणी) सोडायचे आणि ते किती शैवाल खातात हे मोजायचं. चोवीस तासांनी बाटली उघडली, क्लोरोफिल (शैवालातलं हिरवं रंगद्रव्य, त्यावरून शैवाल किती ते कळतं) मोजलं आणि चराईचा दर उणे आला. कोपेपॉड असलेल्या बाटलीत कंट्रोलपेक्षा, म्हणजे कोपेपॉड न सोडलेल्या बाटलीपेक्षा, जास्त शैवाल! एमएस्सीच्या प्रकल्पात अशी ओळ गुपचूप खोडली जाते, नाहीतर तिथे शून्य बसतं. खोडू नका.

200 मायक्रॉनच्या जाळीतून पाणी गाळलं की मोठे प्राणी जातात, पण सिलिएट आणि डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव पाण्यातच राहतात. खरे खादाड हेच. समुद्रातल्या रोजच्या प्राथमिक उत्पादनातला निम्म्याहून अधिक वाटा हे सूक्ष्मजीव फस्त करतात. तुम्ही सोडलेले कोपेपॉड आधी या सिलिएटवर ताव मारतात, आणि राखणच गेल्यावर बारीक शैवालाला मोकळं रान मिळतं. उणे आकडा हीच गोष्ट सांगत असतो. म्हणून नुसत्या क्लोरोफिलवर भागत नाही, सुरुवातीला आणि शेवटी सिलिएटही मोजावे लागतात. त्यासाठीचा नमुना आम्लयुक्त लुगॉलमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये बरेच नाजूक सिलिएट फुटतात आणि मग ‘सिलिएट नव्हतेच’ असा अहवाल लिहिला जातो.

याच्या उलट चूकही होते. समजा क्लोरोफिल लिटरमागे 2 मायक्रोग्रॅमवरून 2.4 झालं, म्हणजे प्राण्यांनी काहीच खाल्लं नाही? कंट्रोलमध्ये ते 3 झालं असेल तर खाल्लं आहे. दोन्ही बाटल्यांचे वाढीचे दर लॉगने काढून वजा करा. इथे चराईचा दर दिवसाला साधारण 0.22 येतो. समुद्रशास्त्रज्ञ फ्रॉस्ट यांची 1972 ची समीकरणं याच वजाबाकीवर उभी आहेत.

पाणी रंगलं म्हणजे पंगत मांडली, असंही नसतं. फेब्रुवारी ते मे या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ ट्रायकोडेस्मियम या नीलहरित शैवालाचा भुशासारखा तवंग येतो. बहुतेक कोपेपॉड त्याला तोंड लावत नाहीत. मॅक्रोसेटेला ग्रॅसिलिससारखे मोजके अपवाद आहेत. त्या पाण्यात इतर कोपेपॉड सोडून शून्य आलं तर ते शून्य खरं असू शकतं. नॉक्टिल्युकाची (हीसुद्धा एक डायनोफ्लॅजेलेटच) तर आणखी गंमत. बहर म्हणून आपण जिच्याकडे बघतो, ती स्वतःच डायटम (एक प्रकारचं एकपेशीय शैवाल) गिळत असते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात दिसणाऱ्या तिच्या हिरव्या रूपाच्या पोटात तर जिवंत हिरवं शैवाल असतं. तिथलं क्लोरोफिल नेमकं कोणाच्या खात्यावर लिहायचं, हे आधी ठरवा.

हाताळणीबद्दल थोडक्यात: जाळं हळू ओढा, धडधाकट पोहणारेच प्राणी निवडा, बाटली काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला की प्राणी पृष्ठताणात अडकून मरतात. बाटली सावकाश फिरती ठेवा, नाहीतर डायटम तळाला बसतात. आणि एका बाटलीत प्राण्यांची गर्दी करू नका, मुंबईची लोकल नव्हे ती.

बाटलीऐवजी कोपेपॉडच्या आतड्यातलं, खाल्लेल्या शैवालाचं रंगद्रव्य मोजणार असाल तर नमुना तिथल्या तिथे, अंधारात गोठवा. उबदार पाण्यात आतडं तासाभरात रिकामं होऊ शकतं. बरेच कोपेपॉड रात्री वर येऊन चरतात, तेव्हा फक्त सकाळी अकराच्या नमुन्यावरून त्यांना उपाशी ठरवू नका.