पायलिंटमध्ये हवे तेवढेच चेक कसे चालवायचे

हापूसचा सीझन तोंडावर आला की रत्नागिरी-देवगडकडे पेट्यांच्या ऑर्डरींचा हिशोब ठेवायला कॉलेजातलं कोणीतरी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितं, मग त्यावर पायलिंट (पायथन कोडमधल्या चुका शोधणारं टूल) चालवतं आणि स्क्रीन भरून मेसेज येतात. डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारी नोंद) नाही, ओळ १०० अक्षरांच्या पुढे गेली, असलंच बरंचसं. वैतागून टूलच बंद करू नका प्लीज, त्या ढिगात एखादा मेसेज खरंच पैसे बुडवणारा असतो.

प्रत्येक मेसेजच्या कोडचं पहिलं अक्षर बघा. सी म्हणजे कन्व्हेन्शन (लिहिण्याची पद्धत), आर रिफॅक्टर (रचना सुधारा), डब्ल्यू वॉर्निंग, ई एरर, एफ फेटल (पायलिंटलाच पुढे जाता आलं नाही). त्यामुळे बरेच जण सरळ --एरर्स-ओन्ली हा फक्त एरर दाखवणारा पर्याय वापरायला सांगतात, पण मला ते पुरेसं वाटत नाही आणि का ते सांगतो. समजा फंक्शन असं आहे:

डेफ ऑर्डर_घ्या(गाव, पेट्या=[]):

आत पेट्या.अपेंड केलंय. आता ही रिकामी लिस्ट पायथन एकदाच बनवतो, फंक्शन डिफाइन होताना, दर कॉलला नवीन नाही, म्हणजे चिपळूणवाल्याची ऑर्डर टाकून मग मालवणवाल्याची टाकली की त्याच्या लिस्टमध्ये चिपळूणच्या पेट्यापण दिसतात. प्रोग्राम कुठेच अडत नाही, बिल मात्र चुकतं. पायलिंट हे बरोब्बर पकडतो, डेंजरस-डिफॉल्ट-व्हॅल्यू, कोड डब्ल्यू०१०२. पण तो पडला डब्ल्यू, एरर्स-ओन्लीमध्ये दिसणारच नाही.

म्हणून आधी सगळं बंद करायचं आणि हवं ते नाव घेऊन चालू करायचं (टाइप अर्थातच इंग्रजीत):

पायलिंट --डिसेबल=ऑल --एनेबल=ई,एफ,डब्ल्यू०१०२,डब्ल्यू०६११ ऑर्डर.पीवाय

स्वल्पविरामानंतर स्पेस नको. नुसतं ई लिहिलं की सगळे एरर आले, त्यात ई०६०२ पण, म्हणजे एका ठिकाणी पेटी_दर आणि दुसरीकडे पेटी_दार असं लिहिलं गेलं तर तेही सापडतं. डब्ल्यू०६११ म्हणजे न वापरलेले इम्पोर्ट. कोडऐवजी पूर्ण नावं दिली तरी चालतात, आणि टीममध्ये मी नावंच लिहा म्हणेन, सहा महिन्यांनी आकडे कोणाला आठवतायत. एखाद्या चेकचा अर्थ कळला नाही तर --हेल्प-मेसेज नाही, --हेल्प-एमएसजी=चेकचं नाव, असं द्या.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवली असतील तर पायथन ३ ला चालतात, पायलिंट मात्र सी२४०१ देतो. वरच्या कमांडमध्ये तो बंदच आहे, तेव्हा बिनधास्त राहा.

रोज एवढं टाइप करू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉट पायलिंटआरसी नावाची फाइल करा, मेसेजेस कंट्रोल सेक्शनखाली डिसेबल आणि एनेबलच्या त्याच दोन ओळी टाका, आणि ती फाइल गिटमध्ये (टीमचा कोड जिथे एकत्र ठेवता तिथे) चढवा, म्हणजे सगळ्यांकडे तेच चेक चालतात. एकदा इन्स्टॉल झालं की नेट लागत नाही, पावसात टॉवर गेला तरी काम चालू.

आता एकही मेसेज आला नाही तर शेवटी पायलिंट १० पैकी १० मार्क दाखवेल. ते फक्त चालू ठेवलेल्या चेकपुरते आहेत, कोड सगळा स्वच्छ आहे असा त्याचा अर्थ घेऊ नका. नक्की काय चालू आहे ते बघायला --लिस्ट-एमएसजीज-एनेबल्ड चालवा, एखादा कोड चुकीचा टाइप झाला असेल तर तो त्या यादीत नसेलच.