नरक्याची रोपं टिश्यू कल्चरने करायचीत? मग हे वाचा

आंबोली, आंबा घाट, महाबळेश्वर, आपल्या सह्याद्रीत नरक्याचं झाड आहे पण कॅन्सरच्या औषधापायी पार तोडला गेलाय. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं त्याच्यावरूनच बनलीत, आणि ते साल-खोड-मुळांत असल्यामुळे तोडणारे अख्खं झाडच नेतात. बी उगवायला वेळ खातं म्हणून लोक लॅबकडे वळतात, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करायच्या टिश्यू कल्चरकडे.

पण मीडियाचा (बाटलीतल्या खाद्याचा) फॉर्म्युला शोधायच्या आधी झाडं शोधा. नरक्यात काही झाडं नर तर काही मादी निघतात, काहींवर दोन्ही प्रकारची फुलं असतात, म्हणजे एकाच नर झाडाचे हजारो क्लोन करून जंगलात लावले तर फळ धरणारच नाही आणि आपण फोटो काढून मोकळे! त्यामुळे वेगवेगळ्या भागांतली जमतील तेवढी झाडं निवडायची, पावसाळ्यात फुलोरा असताना (वासावरून सापडतातच) नर-मादी बघून नंबर द्यायचा आणि तो नंबर बाटलीपासून रोपापर्यंत सुटू द्यायचा नाही. वनखात्याची लेखी परवानगी आधी, मग कात्री.

म्हाताऱ्या फांदीचे कोंब लॅबमध्ये लवकर दाद देत नाहीत. अशक्य नाही म्हणा, पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) १९८० च्या सुमाराला शंभर वर्षांच्या सागापासून रोपं केली होती. पण तोडलेल्या बुंध्याला फुटलेले कोवळे धुमारे मिळाले तर तेच घ्या. आणि संवर्धनच करायचं असेल तर मी म्हणेन ताज्या बियांपासून सुरू करा, गर काढून निर्जंतुक करून बाटलीतच उगवायच्या आणि रोपाच्या कोवळ्या देठाचे तुकडे घ्यायचे. प्रत्येक बी वेगळी, त्यामुळे विविधता आपोआप येते.

निर्जंतुकीकरण: अर्धा तास वाहतं पाणी, मग कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाच्या पाण्यात वीसेक मिनिटं, पुढचं सगळं लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात). ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराईड ३ ते ५ मिनिटं, निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुणं. मर्क्युरिक जहाल विष आहे, हातमोजे घाला आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळं साठवा. भर पावसात आणलेल्या फांद्यांना बुरशी हमखास, कारण ती नुसती वर नसते, आतपण असते, म्हणून पाऊस ओसरल्यावरची नवी पालवी बरी.

मीडिया नेहमीचाच, एमएस (मुराशिगे-स्कूग क्षारांचं मिश्रण), लिटरला ३० ग्रॅम साखर, घट्ट करायला ७-८ ग्रॅम अगार, पीएच ५.८, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १२१ अंशावर २० मिनिटं. कोंब फुटायला बीएपी हे हार्मोन लिटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम. टीडीझेड ह्या त्याच कामाच्या दुसऱ्या द्रव्याने नरक्याला कोंब भरपूर येतात पण ते अगदी कमी आणि थोडेच दिवस द्या, नाहीतर कोंबांचा नुसता गठ्ठा होतो आणि उंची धरत नाही. कापल्यावर मीडिया तपकिरी पडायला लागला तर घाबरू नका, झाडाचेच फिनॉल असतात, तुकडा दर दोन-तीन दिवसांनी ताज्या मीडियावर हलवा, अ‍ॅक्टिव्हेटेड कोळशाची पावडर लिटरला २ ग्रॅम घातली तरी चालते, फक्त ती हार्मोनपण शोषते हे लक्षात असू द्या. कल्चर रूम २५ अंश, १६ तास उजेड, दर तीन-चार आठवड्यांनी सबकल्चर (कोंब वेगळे करून नव्या मीडियावर लावणं). एकाच लाईनचं सबकल्चर वर्षानुवर्षं ओढत बसू नका, बिघडलेली रोपं वाढत जातात.

कोंब तीनेक सेंटीमीटर झाले की अर्ध्या ताकदीचा एमएस आणि मुळं फुटायला आयबीए हे हार्मोन, लिटरला एक-दोन मिलिग्रॅम. मुळं आली की पार्टी करायची घाई नको, कारण बऱ्याच लॅबची रोपं मरतात ती ह्याच्यानंतरच. बाटलीतल्या पानांना पाणी धरून ठेवायची सवयच नसते, बाहेर काढलं की तासाभरात माना टाकतात. मुळांचा अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, राहिला तर साखरेवर बुरशी येते. कोकोपीट, वर पारदर्शक झाकण किंवा पॉलिटनेल (प्लास्टिकचा बोगदा), आणि मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं उघडत जायचं, महिनाभर तरी. नंतर शेडनेटखाली पिशवीत, त्यात मूळ झाडाखालची थोडी माती मिसळली तर उत्तम.

जंगलात लावायची ती पहिल्या एक-दोन दमदार पावसांनंतर, मोठ्या झाडांच्या सावलीत, आणि नंबर बघून नर-मादी मिसळून. बीपासूनच्या रोपांचं नर-मादी फुलल्याशिवाय कळत नाही, ती जरा जास्त आणि जवळजवळ लावा.