खरेदीदाराची पडताळणी हवी, बंदूकमालकांची यादी नको: पद्धत कशी आखावी

अमेरिकेत बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याला अनेक बंदूकमालकांचाही विरोध नसतो. त्यांची धास्ती वेगळी असते: कोणाच्या घरात कोणते शस्त्र आहे, याची सरकारी यादी या तपासणीतून हळूहळू तयार होईल. भारतीय वाचकाला हे थोडे चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे परवाना, शस्त्र आणि धारक यांची नोंद सरकारकडे असणे गृहीतच धरलेले आहे आणि निवडणुका आल्या की त्या नोंदीवरूनच पोलीस अनेकांना शस्त्रे जमा करायला सांगतात. अमेरिकेत मात्र १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्टने संघराज्य सरकारला सर्वसाधारण बंदुकांची किंवा त्यांच्या मालकांची नोंदवही उभारण्यास मनाई केली आहे. या चौकटीत पडताळणीची पद्धत आखायची किंवा एखाद्या प्रस्तावाची पारख करायची असेल, तर पुढील क्रमाने जावे.

प्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. ‘ही व्यक्ती बंदूक घेण्यास पात्र आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘तिने कोणती बंदूक घेतली?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्याची माहिती लागत नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झालेली आणि एफबीआयतर्फे चालवली जाणारी एनआयसीएस ही तपासणी यंत्रणा याच भेदावर उभी आहे. दुकानदार खरेदीदाराचे नाव, जन्मतारीख असा तपशील कळवतो आणि शस्त्र हातबंदूक आहे, लांब नळीचे की अन्य प्रकारचे, एवढेच सांगतो. बंदुकीचा अनुक्रमांक एफबीआयला कळवला जात नाही.

दुसरे, यादी करायचीच असेल तर ती अपात्रांची करावी. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, फरारी, कौटुंबिक हिंसाचाराचे दोषी, न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात दाखल केलेले असे गट संघराज्याच्या कायद्यात निश्चित केलेले आहेत. (एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनीही लक्षात ठेवावे की, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता तीही या अपात्रांत मोडतात.) अशा यादीचे यश तिच्या पूर्णतेवर अवलंबून असते आणि अमेरिकेतील काही मोठ्या चुका नेमक्या इथेच झाल्या. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार करणाऱ्याबाबतचा न्यायालयीन मानसोपचार-आदेश या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नव्हता. २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चवर हल्ला करणाऱ्याची शिक्षा हवाई दलाने कळवली नव्हती. २०१५ च्या चार्ल्सटन येथील चर्चमधील गोळीबाराच्या प्रकरणात हल्लेखोराची तपासणी अपुरी असतानाच कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि कायद्याने मुभा असल्यामुळे विक्री झाली. या तिन्ही ठिकाणी मालकांची नोंदवही असती तरी उपयोग झाला नसता; उणीव अपात्रतेच्या नोंदी कळवण्यात आणि वेळेत पडताळण्यात होती. म्हणून पैसा आणि मनुष्यबळ आधी तिथे लावावे.

तिसरे, उत्तर दिल्यानंतर मागे काय उरते ते शेवटपर्यंत तपासावे. एनआयसीएसमध्ये मंजुरी मिळाल्यास खरेदीदाराची ओळख पटवणारा तपशील चोवीस तासांच्या आत नष्ट करावा लागतो. व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख तेवढी राहते. नावसाधर्म्यामुळे वारंवार अडकणाऱ्या व्यक्तीला मात्र स्वतःच्या संमतीने आपला तपशील एफबीआयकडे ठेवून वेगळा ओळखक्रमांक घेता येतो. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, कारण नोंद राहते ती ज्याची त्याच्या इच्छेने. खरी गळती कागदातून होते. दुकानातून बंदूक घेताना भराव्या लागणाऱ्या फॉर्म ४४७३ वर खरेदीदार आणि बंदुकीचा अनुक्रमांक हे दोन्ही असतात. तो दुकानदाराकडे राहतो, परंतु दुकान कायमचे बंद झाले की असे दप्तर एटीएफ या शस्त्रविषयक कायदे राबवणाऱ्या संघराज्य संस्थेच्या वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रात जमा होते. त्यामुळे कोणत्याही प्रस्तावात कागद किती वर्षे ठेवायचा, धंदा बंद झाल्यावर तो कोठे जाणार आणि नावानुसार शोधता येणार का, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

चौथे, एक पर्याय असा की खरेदीदाराचे नाव सरकारकडे जाऊच नये. अपात्रांची नावे सांकेतिक अक्षर-आकड्यांत बदललेली यादीच दुकानदाराला द्यावी आणि त्याने जागेवर ताडून पाहावे. कल्पना आकर्षक आहे, पण नाव आणि जन्मतारीख यांच्या शक्य जोड्या मर्यादित असल्याने साधे सांकेतिक रूपांतर संगणकाने सहज फोडता येते आणि मग लोकांचा मानसोपचाराचा इतिहास उघड्यावर पडतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकींचा मजकूर न दाखवता केवळ जुळणारी नोंद कळवणारी गणनपद्धत वापरावी आणि यादी रोज अद्ययावत करावी.

वाहन परवान्यावर बंदूक घेण्याच्या पात्रतेची खूण करण्याचीही सूचना केली जाते. तसे करायचे झाल्यास खूण फक्त अपात्रांच्या परवान्यावर असावी. पात्र लोकांनी अर्ज करून कार्ड घ्यायचे ठरले, तर अर्जदारांची यादी हीच जवळजवळ मालकांची यादी होते. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड परगण्यांतील हातबंदूक परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर छापले, तेव्हा हे सर्वांना कळून चुकले. अर्थात, कालच अपात्र ठरलेल्याच्या खिशात जुना, बिनखुणेचा परवाना असू शकतो.

खासगी विक्रीसाठी, जिथे संघराज्याचा कायदा परवाना नसलेल्या विक्रेत्याला तपासणीची सक्ती करत नाही, २०१३ मध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी मांडलेला मार्ग विचारात घ्यावा: खरेदीदाराने स्वतःच स्वतःची तपासणी करून अल्पमुदतीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि विक्रेत्याला दाखवावे. प्रत्यक्ष खरेदी झाली की नाही, हे सरकारला कळत नाही.

या सगळ्याची किंमत प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मांडावी. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग आज उत्पादकापासून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून दुकानदाराच्या कागदापर्यंत काढला जातो. पहिल्या ग्राहकाने ती पुढे खासगीत विकली असेल, तर धागा अनेकदा तिथेच तुटतो. शिवाय, बंदूक घेतल्यानंतर अपात्र ठरलेल्यांकडून ती परत घेण्यासाठी कॅलिफोर्निया आपल्या खरेदी-नोंदी अपात्रांच्या नोंदींशी ताडून पाहते. मालकांची नोंद नसलेल्या पद्धतीत ते काम अशा रीतीने करता येत नाही.