दूध, पांढरा रस्सा, रंकाळ्याचा राउंड… तरी हाडं ठिसूळ? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली. धड पडली पण नाही, नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. आम्ही चक्रावलो, कारण घरात म्हशीचं दूध रोजचं, रविवारी पांढरा रस्सा ठरलेला, बाई रोज पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला राउंड मारणारी. डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी करायला लावली, त्यातला घनतेचा आकडा (टी-स्कोर) उणे 2.5 च्याही खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ व्हायचा आजार. मग एकेक चूक कळत गेली.

रश्शाचं आधी सांगतो, राग येईल पण ऐका. हाडं उकळली की कॅल्शियम रश्शात उतरतं असं आपण धरूनच चालतो, पण ते पाण्यात फारसं विरघळतच नाही. उलट त्यात वाटून घातलेले तीळ आणि खसखस जास्त कामाचे! पाया सूपचंही तेच. दुधाचं म्हणाल तर मोठ्या ग्लासात साधारण 300 मिलीग्रॅम कॅल्शियम, आणि पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 लागतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून एक ग्लास मारला की झालं असं नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही, असं दिवसभरात मिळून जमवायचं.

सगळ्यात मोठी चूक उन्हाची. आई सहाला जायची, स्वेटर, कानाला स्कार्फ, आणि ऊन वर यायच्या आत घरी. चालणं चांगलंच ओ, पण व्हिटॅमिन डी ज्या किरणांनी तयार होतं ते तेवढ्या सकाळी जवळजवळ नसतातच, अकरा ते दोनच्या मधलं ऊन लागतं, हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. बंद काचेच्या खिडकीत बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

मग गोळ्या. कॅल्शियम आणि लोहाची गोळी आई एकदमच घ्यायची, म्हणजे लोह नीट अंगी लागतच नव्हतं. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची गोळी असेल तर चार तास. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्या. आणि डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्याची असते, आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी रोज एक घेतली आणि उलट्या सुरू झाल्या! हाडांची आठवड्याची गोळी मिळाली असेल तर ती उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. आईनं पहिली चहासोबत घेऊन परत पांघरूण ओढलं होतं, दिवसभर छातीत आग.

मिश्री सोडा, तंबाखूच ती. गुडघेदुखीवर कुणी बिननावाची पुडी दिली तर घेऊ नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि ते हाडं पोखरतं. मोरीत रबरी मॅट आणि धरायला दांडी बसवा, आम्ही हात मोडल्यावर बसवली.

अजून एक. मणके दबले की उंची कमी होते, दुखेलच असं नाही. आईचे परकर दोन वर्षं जमिनीला लागत होते आणि आम्ही टेलरला शिव्या घालत होतो.