मंगळावर रॉकेटचं इंधन कसं कराल: एका बर्फवाल्याची कृती

मिरकरवाड्याच्या बंदरालगत एका बर्फ कारखान्यात मी एकतीस वर्षं अमोनियाचा प्लांट चालवला. परवा नात म्हणाली, "आजोबा, मंगळावरून परतायचं इंधन तिथेच कसं करणार?" म्हटलं, बस, सांगतो. ते काम आमच्याच धंद्यातलं आहे.

जिन्नस दोनच. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीतला बर्फ. २.७५ किलो वायू आणि २.२५ किलो पाणी घेतलं की १ किलो मिथेन (हेच इंधन) आणि ४ किलो ऑक्सिजन मिळतो. इंजिनाला मिथेनच्या साधारण साडेतीन पट ऑक्सिजन लागतो, म्हणजे थोडा श्वासालाही उरतो.

आधी वायू धरा. मंगळाच्या हवेत तो ९५ टक्के आहे, पण हवाच इतकी विरळ की दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. कॉम्प्रेसर लावाल तर तो दिवसभर धापा टाकेल. मी असतो तर बर्फ केला असता. हवा आधी गाळा, कारण तिथली धूळ पिठासारखी बारीक. मग ती थंड पत्र्यावरून फिरवा. तिथल्या दाबाला उणे सव्वाशेच्या आसपास कार्बन डायऑक्साइड गोठतो, नायट्रोजन आणि आर्गॉन तसेच पुढे निघून जातात. पत्रा भरला की व्हॉल्व्ह बंद करून ऊब द्या. कोंडलेला बर्फ वायू होताना दाब आपोआप चढतो. वायू शुद्ध झाला, दाबही फुकटात मिळाला! (फुकट म्हणजे थंडाव्याचं बिल सोडून.)

पाण्याचं काम किचकट. फिनिक्स यानाला २००८ साली उत्तरेकडे वितभर खोलीवरच बर्फ सापडला, त्यामुळे जागा निवडताना आधी तो बघा. पण तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. खारं पाणी काय करतं ते मला विचारा. एका एप्रिलात कंडेन्सरच्या नळ्यांत मीठ बसलं आणि ऐन हंगामात होड्या बर्फाविना धक्क्याला उभ्या राहिल्या. म्हणून पाणी वाफ करून पुन्हा थंड केल्याशिवाय पुढे सोडू नका.

शुद्ध पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. ऑक्सिजन टाकीकडे पाठवा. हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडबरोबर निकेलच्या थरातून तीनचारशे अंशांवर न्या, मिथेन आणि पाणी बाहेर पडतं. ही पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची क्रिया, त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. सुरुवातीला तापवावं लागतं, मग ती स्वतःच उष्णता देते. निघालेलं पाणी परत वीजभांड्यात घाला. अवकाश स्थानकात २०१० साली असंच यंत्र बसवलं, पण तिथे पाणी ठेवून मिथेन बाहेर सोडून द्यायचे. गोबरगॅसवर चहा करणाऱ्या माणसाला हे बघवत नाही.

नुसता ऑक्सिजन हवा असेल तर जवळचा रस्ता आहे. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या गाडीतल्या मॉक्सी यंत्राने कार्बन डायऑक्साइड ८०० अंशांवर फोडून तो काढला. २०२१ च्या एप्रिलात पहिल्या खेपेला ५ ग्रॅम, २०२३ पर्यंत सोळा खेपांत १२२ ग्रॅम. नासाच्या हिशेबाने चौघांना मंगळावरून उचलायला २५ टन ऑक्सिजन आणि ७ टन इंधन लागेल. आता तुम्हीच बघा.

विजेत हात आखडू नका. १ किलो मिथेनमागे १५ युनिट तर कागदावरच जातात, प्रत्यक्षात बरीच जास्त. शिवाय धुळीचं वादळ आलं की सौर पत्रे आंधळे होतात.

शेवटी दोन्ही वायू द्रव करायचे, मिथेन उणे १६१ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. आमचं ब्राइन, म्हणजे लाद्या गोठवणारं मिठाचं पाणी, उणे दहावर असायचं, तरी टाकीचं बूच सुटलं की घाम फुटायचा. इथे टाकी भरल्यावरही थंडावा चालूच ठेवायचा, नाहीतर माल उडून जाईल.

आणि हे सगळं माणसं निघण्याआधी. मंगळाला जायची वेळ २६ महिन्यांनी येते. आधीच्या खेपेला कारखाना पाठवा, टाक्या भरल्याचा काटा पृथ्वीवर दिसला की मगच माणसं बसवा. आम्हीही जुलैअखेर लाद्या रचून ठेवायचो, १ ऑगस्टला ट्रॉलर सुटायचे म्हणून. फरक एवढाच की रात्री व्हॉल्व्ह अडकला तर मी धावत जायचो. मंगळाला निरोप पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह जोडीने बसवा.