लघुग्रहाचा व्यास अहवालात लिहिण्याआधी

मुख्य पट्ट्यातल्या (मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या) छोट्या लघुग्रहावर पहिला प्रकल्प करणार असाल तर २८६७ श्टाइन्स घ्या. निकोलाय चेर्निख यांनी तो ४ नोव्हेंबर १९६९ रोजी क्रिमियातून शोधला. तात्पुरती नोंद '१९६९ व्हीसी': व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, सी म्हणजे त्यातली तिसरी नोंद. २८६७ हा क्रमांक कक्षा पक्की झाल्यावरचा, तो शोधाच्या तारखेला चिकटवू नका.

हाच का? कारण जमिनीवरून काढलेले आकडे रोझेटा यानाने ५ सप्टेंबर २००८ रोजी सुमारे ८०० किमीवरून जाताना ताडून दिले. तुमचं उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हालाच कळतं.

आता व्यास. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया जातं. दुर्बिणीत लघुग्रह ठिपकाच दिसतो. आपण मोजतो ती त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा), आकार नव्हे. मोठा काळपट दगड आणि छोटा उजळ दगड सारखेच दिसू शकतात. सूत्र असं: १३२९ला परावर्तकतेच्या (पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, त्या प्रमाणाच्या) वर्गमुळाने भागा आणि १०च्या (−एच/५) घाताने गुणा, व्यास किमीत येतो. एच, म्हणजे निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वी दोघांपासून एक खगोलीय एकक अंतरावर, पूर्ण उजळलेला असताना दिसेल ती प्रत), १३ धरा. परावर्तकता ०.०५ असेल तर व्यास सुमारे १५ किमी, ०.२५ असेल तर ६.७, ०.४ असेल तर ५.३. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात घनफळाचा फरक वीसपटींहून जास्त! म्हणून तक्त्यातला व्यास उचलण्याआधी परावर्तकता मोजलेली आहे की गृहीत धरलेली, ते बघाच. श्टाइन्स ई-प्रकारचा, लोह फार कमी असलेल्या सिलिकेटांचा, म्हणून इतका उजळ: परावर्तकता सुमारे ०.४. रोझेटाच्या चित्रांवरून मापं निघाली ६.६७ × ५.८१ × ४.४७ किमी, म्हणजे तेवढ्याच घनफळाच्या गोलाचा व्यास ५.३.

एच म्हणजे एका रात्री मोजलेली प्रत नव्हे. सूर्यापासूनचं आणि पृथ्वीपासूनचं अंतर (खगोलीय एककात, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या पटीत) यांच्या गुणाकाराचा लॉग घ्या, त्याची पाचपट वजा करा, मग कलाकोनाची (लघुग्रहावरून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन) दुरुस्ती करा. त्या दुरुस्तीत जी हा आकडा लागतो: कलाकोन वाढला की तेज किती झपाट्याने घटतं, ते तो सांगतो. सॉफ्टवेअर जी = ०.१५ आपोआप धरतं. उजळ लघुग्रहांचा जी त्याहून बराच जास्त असतो. एच ०.३ने चुकला तर व्यास १५ टक्क्यांनी चुकतो. हे गणित एकदा हाताने करा. तयार आकडा हातात देणाऱ्यापेक्षा ते करायला लावणारा मार्गदर्शक कितीतरी चांगला.

श्टाइन्सचा परिवलनकाळ (स्वतःभोवतीच्या एका फेरीचा वेळ) ६.०५ तास. लांबट पिंड एका फेरीत साधारण दोनदा उजळतो, त्यामुळे सॉफ्टवेअर ३.०२ तासही सुचवेल. दोन्ही काळांवर प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) घडी घालून, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून बघा: दोन शिखरं असमान असतील तर अर्ध्या काळावर बिंदू विस्कटतात. शिवाय चार फेऱ्या होतात २४.२ तासांत, म्हणजे रोज त्याच वेळी वेध घेतलेत तर जवळजवळ तीच बाजू समोर येते. तीन रात्री दोन-दोन तास मोजण्यापेक्षा एका रात्री सलग साडेसहा तास मोजा. एवढं सांभाळलंत की बाकीचं जमतं, घाबरण्यासारखं काही नाही.

घनतेचा रकाना मात्र रिकामा ठेवा. यान सेकंदाला ८.६ किमी वेगाने निघून गेलं आणि एवढ्याशा पिंडाचं ओढणं मोजण्याइतकं नव्हतं, त्यामुळे वस्तुमान मिळालंच नाही. श्टाइन्सची घनता कुठे लिहिलेली दिसली तर ती गृहीत धरलेली समजा.